सातबारा कोरा आहे, मग टोकन देऊ का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही नोकरदार आहात. एका संकेतस्थळावर तालुक्याच्या गावापासून १२ किलोमीटरवरच्या जमिनीची जाहिरात दिसली: २० गुंठे जिरायत, रस्त्याला लागून, २२ लाख. दलालाने मोबाइलवर सातबारा पाठवला. त्यावर विकणाऱ्याचं एकट्याचं नाव, एकूण क्षेत्र १ हेक्टर २१ आर, आणि ‘इतर हक्क’ हा कर्ज, कूळ, बंधनं लिहायचा रकाना रिकामा. "सातबारा कोरा आहे, दोन पार्ट्या मागे लागल्यात, रविवारपर्यंत ५१ हजार टोकन टाका, मी जागा धरून ठेवतो," असं त्याचं म्हणणं. आणि तुम्ही विचारता, मिक्सर घेताना शंभर अभिप्राय वाचणारा माणूस मी, इथे नेमकं काय वाचू?

रविवारचं उत्तर आधी देऊन टाकतो. टोकन देऊ नका. जमीन वाईट आहे असं मी म्हणत नाही. कदाचित चांगलीही असेल. पण जी जमीन रविवारपर्यंत आहे ती पुढच्या महिन्यातही तिथेच असणार. आणि खरंच दोन पार्ट्या मागे असतील, तर त्यांच्या वकिलांनाही कागद बघायला तेवढेच दिवस लागणार.

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. २३ वर्षं झाली. कोर्टात उभं राहण्यापेक्षा माझा जास्त वेळ तहसीलच्या अभिलेख कक्षात आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जातो, कारण माझं मुख्य काम जमिनीचे सर्च काढणं, म्हणजे जुने दस्त नि नोंदी तपासून मालकी खरी आहे का ते बघणं. त्यामुळे पुढे जे लिहितो ते महाराष्ट्रातल्या शेतजमिनीपुरतं आणि माझ्या टेबलावरून दिसतं तसं आहे. पश्चिम महाराष्ट्र नि कोकणाला १९४८ चा कूळकायदा (दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळांच्या हक्कांचा कायदा) लागू होतो, मराठवाड्याला हैदराबादचा १९५० चा, विदर्भाला १९५८ चा. तुम्ही जिल्हा लिहिलेला नाही, त्यामुळे कलमांचे आकडे तुमच्याकडे वेगळे असू शकतात. तपासायची रीत मात्र तीच.

मागच्या वर्षी मी ऑनलाइन एक खुर्ची मागवली. खोकं उघडलं तर चाकं चारच, पाचवं नाही. फोटो काढला, पाठवला, पाचव्या दिवशी माणूस येऊन खुर्ची घेऊन गेला, पैसे परत. दुकानदार पैसे परत करायला तयार झाला नसता तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करता आला असता, नाहीतर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार. म्हणजे ऑनलाइन खरेदीत तुमची बरीचशी खबरदारी वस्तू हातात आल्यानंतरही घेता येते. अभिप्राय नीट वाचले नाहीत तरी फार तर आठवडा वाया जातो.

जमिनीचं उलट आहे. खरेदीखत रद्द करायचं तर दोघांच्या संमतीने नोंदणीकृत दस्त, नाहीतर दिवाणी दावा. तालुक्याच्या कोर्टात दिवाणी दावा किती वर्षं चालतो हे तुम्हाला गावात कुणीही सांगेल. म्हणून सगळी तपासणी पैसे देण्याआधी व्हायला लागते. टोकन म्हणजे पैसेच. ते देताना माणूस मनाने मालक होऊन बसतो, नि मग सापडलेली प्रत्येक त्रुटी ‘होईल काहीतरी’ म्हणून पोटात घालतो. मी हे दर महिन्याला बघतो. लोक माझ्याकडे सर्चसाठी येतात तेव्हा इसार देऊन झालेला असतो, आणि त्यांना माझ्याकडून अहवाल नको असतो, आशीर्वाद हवा असतो.

आता तुमचा खरा प्रश्न. तो ‘सातबारा कोरा आहे का’ हा नाही. हा माणूस ही जमीन, एवढी जमीन, मला एकट्याच्या सहीने विकू शकतो का, आणि विकल्यानंतर मला तिथे जाऊन उभं राहता येईल का, हा आहे. सातबारा याचं अर्धंच उत्तर देतो.

सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ एकत्र. सातमध्ये कोणाचं नाव, क्षेत्र, हक्क, बारामध्ये पिकं. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे ही नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानतात. ‘उलट सिद्ध होईपर्यंत’ हे तीन शब्द महत्त्वाचे. महसुली नोंद सारा कोणाकडून घ्यायचा यासाठी असते, तिने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, हे कोर्टांनी इतक्या वेळा सांगितलंय की आम्ही ते आता झोपेतही म्हणू. मालकी येते ती खरेदीखताने, वारसाने, वाटणीने, बक्षीसपत्राने, कोर्टाच्या हुकूमाने. त्या घटनेनंतर तलाठी फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, धरतो आणि सातबारावर नाव बदलतं. म्हणून सातबारा वाचायचा तो नावासाठी कमी आणि नावाशेजारच्या कंसातल्या फेरफार क्रमांकासाठी जास्त.

तुम्हाला दलालाने पाठवलेल्या सातबारावर विकणाऱ्याच्या नावापुढे एक आकडा असेल. खाली ‘जुने फेरफार क्र.’ असा रकाना असेल, त्यात आठ-दहा आकडे. ‘प्रलंबित फेरफार’ असंही लिहिलेलं असतं, तिथे ‘नाही’ आहे का बघा. आणि मोबाइलवर आलेला सातबारा नुसताच बघण्यापुरता असू शकतो, तेव्हा डिजिटल सहीचा सातबारा स्वतः काढा, १५ रुपये लागतात. गट नंबर तुमच्याकडे आहेच. सोबत त्या खातेदाराचा ८अ काढा, म्हणजे गावात त्याच्या नावावर एकूण किती नि कुठली जमीन आहे ते कळतं. मग त्या प्रत्येक फेरफाराची नक्कल मिळवा. बऱ्याच तालुक्यांचे जुने फेरफार स्कॅन होऊन ऑनलाइन आलेत. नसतील तर तलाठ्याकडे किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करायचा. किमान ३० वर्षं मागे जा. मी स्वतः शक्य तर पहिल्या वारस नोंदीपर्यंत जातो.

फेरफार कसा दिसतो ते सांगतो, कारण खरेदी करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो कधी बघितलेला असतो. गाव नमुना ६. पहिल्या रकान्यात नोंदीचा क्रमांक, दुसऱ्यात काय घडलं त्याची हकीकत, तिसऱ्यात कुठल्या गटावर परिणाम झाला, आणि शेवटच्यात तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा शेरा: ‘नोटीस बजावली, मुदतीत हरकत नाही, नोंद मंजूर’ आणि सही-तारीख. दुसरा आणि चौथा रकाना वाचायचा. जुन्या नोंदी हाताने लिहिलेल्या, शाई उडालेली, अक्षर तलाठी भाऊसाहेबांचं. तासभर लागतो. पण सगळी गोष्ट तिथेच असते.

एक प्रकरण सांगतो. एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे समन्स घेऊन आले. त्यांनी दीड एकर घेतली होती. सातबारावर विकणाऱ्याचं एकट्याचं नाव, इतर हक्क मोकळं, अगदी तुमच्यासारखं. खरेदीखत नोंदलं, फेरफार झाला, त्यांनी तारेचं कुंपण घातलं, चिकू लावले. तिसऱ्या वर्षी विकणाऱ्याच्या दोन बहिणींनी वाटपाचा दावा लावला. मी १९८७ ची वारस नोंद काढली. दुसऱ्या रकान्यात सरळ लिहिलं होतं: खातेदार मयत, वारस मुलगा १, मुली २, मुलींनी हक्क नको असल्याचा जबाब दिल्याने मुलाचे एकट्याचे नाव दाखल. जबाबावर दोन अंगठे. आता, स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. तलाठ्यापुढच्या जबाबाने तो जात नाही. शिवाय एक बहीण म्हणते, त्या दिवशी मी गावात नव्हतेच, अंगठा माझा नाही. दावा सहाव्या वर्षात आहे. शिक्षकांनी ती नोंद खरेदीआधी वाचली असती तर बहिणींची संमती म्हणून खरेदीखतावर त्यांच्या सह्या घेता आल्या असत्या. त्या वेळी बहिणी बहुधा थोड्या पैशांत तयार झाल्या असत्या. आता नाहीत, कारण आता तिथून रस्ता रुंद झालाय.

लोक म्हणतात, मुलींचा हक्क २००५ नंतर आला. अर्धवट ऐकीव माहिती. वडील विनामृत्युपत्र वारले तर त्यांच्या हिश्शात मुलगी १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच वारस आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून तिला मुलासारखा जन्मतः सहदायक हक्क, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत वाटा, मिळाला, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की त्यासाठी वडील २००५ मध्ये हयात असायलाच हवेत असं नाही. त्यामुळे वडिलोपार्जित जमीन असेल तर विकणाऱ्याची वंशावळ लिहून घ्या, आत्या-बहिणींसकट, आणि ती फेरफारांशी ताडून बघा. नाव कुठेतरी गळलं असेल तर का गळलं ते विचारा.

एकट्याच्या नावाचं आणखी एक कारण असू शकतं. जुन्या नोंदीत नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असं दिसलं तर थांबा. एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे जमीन सगळ्या भावांची, नाव फक्त कर्त्याचं. पुढे संगणकीकरणात ती तीन अक्षरं गळाली असतील तर आजच्या सातबारावर तो माणूस एकटा मालक दिसतो. माझ्या हातून अशी निदान दहा-बारा प्रकरणं गेली असतील.

यावरून ‘इतर हक्क’ रिकामं असण्याबद्दल. ते रिकामं असणं चांगलंच, पण ते रिकामं कधी झालं ते बघा. हस्तलिखित सातबारा काढून संगणकीकृत सातबाराशी ओळ न ओळ ताडा. जुन्यावर सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, ‘सं.कु.’ किंवा ‘सा.कु.’ (संरक्षित कूळ, साधं कूळ) असे शेरे, ‘नवीन शर्त’ (परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन), ‘कलम ४३ च्या बंधनास पात्र’ असं काही होतं आणि नव्यावर नाही, तर ते कमी करणारा फेरफार असलाच पाहिजे. महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनदोष म्हणून दुरुस्ती झाली असेल तर तो आदेश मागा. लेखनदोषाच्या नावाखाली काय काय दुरुस्त होतं यावर मी स्वतंत्र लिहू शकतो, पण ते पुन्हा कधीतरी.

सातबारावर भूधारणा पद्धतीसमोर ‘भोगवटादार वर्ग १’, म्हणजे विकायला बंधन नसलेली जमीन, असं आहे ना? वर्ग २ असेल तर हस्तांतराला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते, नाहीतर शर्तभंग. कुळाला कूळकायद्याने मिळालेली जमीन असेल तर १९४८ च्या कायद्याचं कलम ४३ आडवं येतं. २०१४ च्या दुरुस्तीनंतर ३२म च्या दाखल्याला (कुळाने जमीन विकत घेतल्याचा दाखला) दहा वर्षं झालेली असतील तर आकाराच्या, म्हणजे जमिनीच्या साऱ्याच्या, ४० पट रक्कम भरून शेतकऱ्याला विकता येते, म्हणून पूर्वीइतकं ते अवघड राहिलेलं नाही. पण भरलेलं चलन हवं. विकणारा आदिवासी असेल तर बिगर आदिवासीने त्या व्यवहाराच्या वाटेलाच जाऊ नये. परवानगीशिवायची अशी जमीन मूळ मालकाला परत जाते.

आता तुमच्या व्यवहारातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट. त्याच्याकडे १ हेक्टर २१ आर, म्हणजे जवळजवळ तीन एकर. तुम्हाला हवेत त्यातले ‘रस्त्याकडचे’ २० गुंठे. सातबारावर ‘रस्त्याकडचे’ असं काही नसतं. पोटहिस्सा मोजून, नकाशा होऊन, तुमच्या तुकड्याला कागदावर हद्द मिळाल्याशिवाय तुम्ही विकत घेता तो तीन एकरांतला २० गुंठ्यांचा अविभक्त हिस्सा. उद्या त्याने उरलेली जमीन दुसऱ्या कोणाला ‘रस्त्याकडची’ म्हणून विकली, तर दोघंही बरोबर आणि भांडण कायमचं. खरेदीखतात चतुःसीमा लिहिल्या म्हणजे झालं असं दस्त लिहिणारे सांगतात. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, उत्तरेस ‘याच गटातील उर्वरित क्षेत्र’. ते उर्वरित क्षेत्र कुठून सुरू होतं, हे त्या कागदावर कुठेच नसतं.

म्हणून भूमी अभिलेख खात्याकडे विकणाऱ्याला मोजणीचा अर्ज करायला लावा. खर्च तुम्ही करा, हरकत नाही. भूकरमापक येतो, लगतच्या कब्जेदारांना नोटीस जाते, खुणा ठोकल्या जातात, आणि नंतर नकाशाची ‘क’ प्रत मिळते. ती प्रत खरेदीखताला जोडा. मोजणीला तुम्ही स्वतः हजर राहा. शेजारी नोटीस मिळूनही आला नाही, किंवा येऊन हद्दीवरून हुज्जत घालायला लागला, तर ते आजच कळलेलं बरं.

वीस गुंठ्यांचंच बोलायचं तर २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र २० गुंठे आणि बागायतीचं १० गुंठे आहे. त्याहून लहान तुकडा पाडला की तुकडेबंदी कायदा, १९४७ लागतो. म्हणूनच जाहिराती बरोब्बर वीसच्या असतात. शहरी भागांसाठी या कायद्यात अलीकडे सवलती आल्यात, तुमची जमीन त्यात बसते का ते दस्त करण्याच्या दिवशीच्या नियमाप्रमाणे दुय्यम निबंधकाकडे विचारा, दलालाकडे नको. पण बरोब्बर वीसमध्ये एक गोम आहे. सातबारा आरमध्ये बोलतो, बाजार गुंठ्यांत. १ गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट; १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, साधारण १,०७६ चौरस फूट. वीस गुंठे म्हणजे २०.२३ आर. दस्तात कोणी सरळ ‘२० आर’ लिहिलं तर तुमची सुमारे २५० चौरस फूट जागा गेली. तुमच्या दराने ती २५ हजारांची होते. वर क्षेत्र वीस गुंठ्यांच्या आत गेल्याने तुकड्याची अडचण येऊ शकते ती वेगळीच. एवढ्या एका आकड्यावर मी पक्षकारांशी वाद घातलेत. पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारं क्षेत्र, तेही बघा. सातबारावर पोटखराबा ‘ब’ असेल तर ते क्षेत्र रस्ता, नाला अशा सार्वजनिक कामासाठी राखलेलं असतं. नेमकं ‘रस्त्याकडचं’ तेच निघू नये.

आणि रस्ता. डांबरी रस्त्यावरून तुम्ही गाडीने जाऊन आलात म्हणून तो कागदावर आहेच असं नाही. गावनकाशा घ्या. ग्रामीण गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने आणि पायवाट तुटक एकेरी रेषेने दाखवलेली असते. तुम्ही ज्यावरून गेलात ती जागा नकाशावर कोणाच्या गटातून जात असेल, तर तो माणूस ज्या दिवशी चर खणेल त्या दिवशी तुमचा रस्ता बंद. मग १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली अडथळा काढायला, नाहीतर संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागायला तहसीलदारांकडे जायचं. मिळतो, पण दोन पावसाळे जातात. रुंद रस्ता असेल तर त्याचं रुंदीकरण ठरलंय का आणि भूसंपादनाच्या यादीत हा गट आहे का, तेही विचारा.

कागद झाले की जमिनीवर जा. दलालाशिवाय, कामाच्या दिवशी, सकाळी. बांधावर कोणीतरी भेटतंच. त्याला किंमत विचारू नका, नुसतं विचारा, "ही कोणाची?" सातबारावरचं नाव आलं तर ठीक. मी एकदा असं विचारलं तर म्हातारे आजोबा म्हणाले, "कागदावर त्याची, पण पेरतो मी, बारा वर्षं झाली." त्यांच्या मागे सोयाबीन गुडघ्याएवढं उभं होतं. तो व्यवहार तिथेच संपला. सातबाराच्या बारा नंबरात पिकाची नोंद काय आहे, आणि शेतात प्रत्यक्ष कोण राबतंय, हे जुळलं पाहिजे. विहीर असेल तर तिच्यात कोणाचा किती वाटा, पाळीपाळीने पाणी आहे का, हेही त्याच आजोबांना विचारा. विजेचे खांब, वरून गेलेली तार, पावसाळ्यात पाणी कुठे साचतं, हे सगळं ते फुकट सांगतात.

एक गोष्ट तुमच्याबद्दलची. कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. तुम्ही लिहिलंय, वडिलांच्या नावावर गावी जमीन आहे, तुमच्या नाही. वडिलोपार्जित असेल तर बहुधा अडचण येत नाही, पण ‘बहुधा’वर २२ लाख लावू नका. वडिलांचा ८अ आणि सातबारा घेऊन आधी खात्री करा, किंवा खरेदी वडिलांच्या नावाने करण्याचा विचार करा. हे मागाहून निघालं तर व्यवहार बेकायदा ठरू शकतो, आणि त्यात नुकसान विकणाऱ्याचं होत नाही.

नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक २, ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात, गट नंबर टाकून शोधता येतो. ते तुम्ही घरी बसून करा. याच गटावर आधीचं साठेखत (पुढे विकण्याचा करार), गहाणखत, आणखी एखादं खरेदीखत दिसतं का बघा. जुने दस्त तिथे सगळे सापडत नाहीत, त्यासाठी सर्च वकिलाकडून घ्या. कोर्टातले दावे ई-कोर्ट्सवर विकणाऱ्याच्या नावाने शोधा. दावा चालू असताना घेतलेली जमीन त्या निकालाला बांधील राहते. जे कुठेच नोंदलेलं नसतं, म्हणजे नोटरी केलेलं साठेखत किंवा तोंडी इसार, ते बाहेर काढायला वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. नोटीस त्या गावच्या पारावर वाचला जातो त्या पेपरात द्या. पुष्कळ जण स्वस्त पडतो म्हणून कोणी न वाचणाऱ्या पेपरात देतात आणि हरकत आली नाही म्हणून खूश होतात.

आता पैसे. वरचं सगळं समाधानकारक निघालं, तरच इसार. तो मालकाच्या स्वतःच्या खात्यात, दलालाच्या नाही. पावतीवर लिहून घ्या की टायटलमध्ये, म्हणजे मालकी हक्कात, दोष निघाला किंवा मोजणीत क्षेत्र कमी भरलं तर रक्कम इतक्या दिवसांत परत. मालकाला एकदा प्रत्यक्ष भेटल्याशिवाय, आधार कार्ड नि चेहरा जुळवल्याशिवाय रुपया देऊ नका. खोटा मालक उभा करून झालेले दस्त मी पाहिलेत. जाहिरातीवरून अनोळखी क्रमांकावर यूपीआयने टाकलेलं टोकन नुसतं गेलंही असू शकतं. तुमच्या आधी कोणी टाकून फसलं असेल, तर त्याने वेळ न घालवता १९३० ला फोन करावा. रोख मागितली तर आयकर कायद्याने स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेताच येत नाही हे सांगा. दस्तात कमी किंमत दाखवून उरलेली रोखीने द्यायचं गावोगाव चालतं. पुढे व्यवहार फिसकटला तर तेवढी रक्कम दिल्याचा तुमच्याकडे कागद नसतो.

सही मालकच करणार ना? कुलमुखत्यारपत्रावर दुसरा कोणी सही करणार असेल, तर ते नोंदणीकृत आहे का, रद्द झालेलं नाही ना, आणि मालक हयात आहे का, तिन्ही बघा. मुखत्यारपत्र, साठेखत आणि ताबापावती असा संच देऊन ‘नंतर खरेदी करू’ म्हणणाऱ्याला नमस्कार करा. अशा कागदांनी मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलंय. मालमत्ता हस्तांतर कायद्याचं कलम ५४ १८८२ पासून तेच म्हणतं.

खरेदीखत झालं तरी सातबारावर तुमचं नाव मंजूर झाल्याशिवाय फाइल बंद करू नका. फेरफार धरला जातो, नोटीस निघते, १५ दिवसांत हरकत आली तर नोंद तक्रारी होते आणि सुनावणी लागते. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी मंजूर करतो. तेवढे दिवस दर आठवड्याला ऑनलाइन बघत राहा.

तुमच्याकडे पहिलं काम एवढंच. दलालाला आज हा निरोप टाका: "टोकन आत्ता नाही. मालकाच्या नावापुढचा फेरफार, त्याच्या आधीची वारस नोंद, हस्तलिखित सातबारा आणि घरातल्या सगळ्यांची वंशावळ पाठवा. मोजणीचा खर्च मी करतो. मालकाला शेतावर भेटायचं आहे." तो गप्प झाला तर तुमचे ५१ हजार वाचले. त्याने पाठवलं, तर नावं झाकून ती वारस नोंद मला दाखवा. जुन्या तलाठ्यांचं अक्षर मला बऱ्यापैकी लागतं.